दाविदाने न प्यालेले पाणी

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-१७



दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे होते. कापणीचे दिवस. आपल्या गावच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी मिळाले तर किती बरे, असे तो सहज बोलून गेला. हुकूम त्याने केलाच नव्हता. तरी तिघे वीर उठले, शत्रूच्या छावणीतून वाट काढीत गेले व पाणी घेऊन आले. दाविदाने ते ओठांना लावले नाही. माणसांनी जीव धोक्यात घालून आणलेले ते पाणी त्याला त्यांच्या रक्तासारखे वाटले, आणि त्याने ते परमेश्वरापुढे ओतले.

शब्बाथ शाळेत मुलांना या गोष्टीतील तीन वीर आवडतात. मला अलीकडे दाविदाचे अधिक कौतुक वाटते. हवी ती वस्तू फुकट हाती आली, तरी तिची किंमत कोणी दिली हे त्याने आधी पाहिले.

आपण विद्यानगरची माणसे. नाताळ जवळ आला की चारमिनारजवळच्या लाड बाजारात जाणे ठरलेलेच. शब्बाथ शाळेतील मुलींना बक्षिसे आणि घरच्या लेकींना, भाच्यांना लाखेच्या बांगड्या. घासाघीस करण्यात मी कोणाला हार जात नाही. एके वर्षी सांगितल्या भावाच्या निम्म्यात तीन डझन जोड आणले, व उपासनेनंतर चार जणांना ते अभिमानाने सांगितलेही. नीतिसूत्रे २०:१४ मध्ये अशाच गिऱ्हाइकाचे चित्र आहे. घेताना तो मालाला नावे ठेवतो, आणि पाठ फिरताच आपल्या सौद्याची फुशारकी मारतो. शलमोनाला लाड बाजार ठाऊक असावा!

पुढे जानेवारी २०१५ मध्ये पोलिसांनी जुन्या शहरातील बांगड्यांच्या कारखान्यांवर छापे घातले आणि दोनशेहून अधिक मुलांना बाहेर काढले. बहुतेक बिहारमधून आणलेली. कोंदट खोल्यांत बसून ती दिवसभर बांगड्या घडवण्याच्या कामाला जुंपलेली होती. माझ्या बांगड्या त्याच खोल्यांतून आल्या होत्या असे मी म्हणू शकत नाही. आल्या नव्हत्या असेही म्हणू शकत नाही. मी विचारलेच नव्हते.

दाविदापुढे ते तिघे धापा टाकीत उभे होते. आपल्यापुढे काचेचे कपाट आणि हसतमुख दुकानदार असतो. खडा बसवणारा हात दिसत नाही. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेल्या मजुरीलाच तोंड फुटते आणि तो आवाज प्रभूच्या कानी पोहोचतो. गिऱ्हाइकाच्या कानी तो पोहोचत नाही, हीच अडचण.

मग बांगड्या घेऊच नयेत काय? महिला मंडळातील एका भगिनीने मला असे विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. निखाऱ्यावर लाख मऊ करून बांगडी घडवणे ही या शहराची जुनी कला. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपण पाठ फिरवली तर आधी उपाशी राहतील ती प्रामाणिक कारागिरांची घरे. म्हणून घ्यावे, पण विचारून घ्यावे. हे कोठे बनले? कोणी बनवले? आम्हांला पाहता येईल काय? पहिल्या गिऱ्हाइकाला दुकानदार हसेल. दहाव्याला हसणार नाही. आणि जेथे मोठा माणूस डोळ्यांसमोर काम करीत बसला आहे, तेथे तीन डझनांऐवजी एकच डझन घ्यावे व तो सांगेल तो भाव द्यावा.

ज्याला आज फेअर ट्रेड म्हणतात त्याचा उगम काही अंशी मंडळीच्याच घरात आहे. एडना रूथ बायलर या मेनोनाइट पंथाच्या बाईने १९४६ साली पोर्तो रिको बेटावरील गरीब स्त्रियांचे भरतकाम अमेरिकेत आणले व आपल्या मोटारीतून ओळखीच्या लोकांत विकले. आपल्या हैदराबादेतही २००४ पासून चेतना ऑरगॅनिक ही संस्था विदर्भ, तेलंगण व ओडिशातील लहान कापूस शेतकऱ्यांबरोबर काम करते. अशा व्यापारात बालमजुरीला मज्जाव असतो, आणि योग्य दामाखेरीज मिळणारी जादा रक्कम शेतकरी एकत्र बसून गावाच्या कामी लावतात. मुलांचे सदरे घेताना अशा मालाची चौकशी करावी.

हा माल महाग पडतो, हे खरे. फीचे पैसे जमवताना मेटाकुटीस आलेल्या आईला मी दोष देणार नाही. पण अनुवाद २४:१५ तिच्याही आवाक्यातले आहे : मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी. धुणेभांडी करणाऱ्या बाईचा पगार, शिंप्याची शिलाई, यांना आपण किती वेळा ‘उद्या या’ म्हणतो? वेळेवर पैसे द्यायला जास्त पैसे लागत नाहीत.

गेल्या महिन्यात वर्गातील मुलींच्या हाती मी एक बांगडी दिली व खडे मोजायला सांगितले. मोजता मोजता एकीने विचारले, “सर, हे सगळे एकेक करून बसवले?” मी होय म्हणालो. “कोणी?” तिने विचारले. ती बांगडी मी खिशात ठेवली आहे. येत्या शनिवारी लाड बाजारात जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर उपासनेनंतर भेटावे.