आमची (?) करवत

पडद्याचा पाइप चार बोटं लांब निघाला, एवढ्यावरून मी नीतिशास्त्राच्या भानगडीत पडेन असं मला वाटलं नव्हतं. दुकानदार पाइप कापायचे वीस रुपये मागत होता. म्हटलं, त्यापेक्षा हत्यारच घरात असावं. (वीस रुपये वाचवण्यासाठी ऐंशी घालवणं, याला आम्हा कॉमर्सवाल्यांत गुंतवणूक म्हणतात.)

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. गोणपाटावर पाने, पकडी, बिनकड्यांची कुलुपं आणि त्यांत ही. "करवत, साहेब. लोखंडाची." लोखंडाची की लोखंड कापायची, हा खुलासा न करता त्याने ऐंशी रुपये घेतले.

"करवत ना? मग दात कुठायत हिला?" सौ.नी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. मी नुसता सांगाडा आणला होता.

ओळख पटवली ती खालच्या मजल्यावरच्या काकांनी. पस्तीस वर्षं फिटर होते. बँकेत आम्ही ओळखीसाठी माणसाकडे फोटो आणि दोन कागद मागतो. काकांनी ती फक्त हातात तोलली. "जुना माल आहे. बारा इंची पातं बसेल. पाइपाला चोवीस दाती आणा."

"बारा इंचांत चोवीसच दात?"

"इंचाला चोवीस! पत्रा पातळ, दात मोठे, तर दात अडकून तुटतात. एका वेळी दोन-तीन दात तरी टेकले पाहिजेत."

मग जीर्णोद्धार सुरू झाला. पातं ताणायचा फुलपाखरी नट हलेना, त्याला शिवणयंत्राचं तेल पाजलं. गंजाला आमटीसाठी भिजवलेली चिंच लावली. आमटी त्या दिवशी नुसतीच तिखट झाली. नंतर पॉलिशपेपर. तासभर घासल्यावर पट्टीवर ठोकून घातलेली अक्षरं वर आली : र. ग. स.

माझी सही तपासायची सवय. 'स' जरा तिरका होता. कुणीतरी स्वतः, एकेक ठोका घालून कोरलेला.

आता आली का पंचाईत! वस्तुविक्रीचा 1930 चा कायदा, कलम 27, बी.कॉम.ला पाठ केलेलं. विकणाऱ्याचीच मालकी नसेल, तर घेणाऱ्याला ती कुठून मिळणार? थोडे अपवाद आहेत, पण गोणपाटाचा त्यांत समावेश नाही. म्हणजे करवत चोरीची असेल, तर माझे ऐंशी रुपये खरे, करवत मात्र र. ग. स. यांची. बँकेतही दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ठेवीदार पुढे कधीही उगवला तरी त्याचे पैसे त्याला मिळतात. हे मी काउंटरवर लोकांना मोठ्या अभिमानाने सांगतो.

आणखी दहा मिनिटं घासलं असतं तर अक्षरं गेली असती. कलम 27 ही गेलं असतं. खरं सांगतो, मी घासायला लागलोही होतो. 'र'ची शेपटी अजून फिकट दिसते.

तेवढ्यात काका आले. अक्षरांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "चोरीची नसेल हो. पण फिटर आपलं हत्यार विकत नाही. तो गेल्यावर घरचे विकतात." मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. त्यांच्या हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे आणि मुलगा बंगलोरला संगणकावर, हे मला ठाऊक होतं. शेवटी मी बसवलेल्या पात्याकडे बघून म्हणाले, "उलटं घातलंत. दात पुढे. ही ढकलताना कापते, ओढताना नाही."

पाइप कापला. जरा तिरका, 'स'सारखा.

पण घरात परक्या नावाचं हत्यार कसं ठेवायचं? आमच्याकडे वाटीवरसुद्धा नाव असतं. शेवटी भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे करवत नेली. म्हटलं, याच्या शेजारी माझं नाव घाला. त्याने चष्मा वर करून र. ग. स. वाचलं, यंत्र सुरू केलं आणि नेहमीच्या सवयीने विचारलं,

"मधे काय घालू? 'यांच्याकडून सप्रेम भेट'?"