उद्यासाठी ठेवलेले

पुनरुत्थानकाळात घर-आशीर्वादाच्या निमित्ताने धर्मग्रामातील घरोघरी जाण्याचा योग आम्हांस दरवर्षी येतो. पवित्र पाणी शिंपडीत आतल्या खोलीशी पोहोचलो, की घरधनीण हटकून दार ओढून घेते. "फादर, तिकडे नका पाहू, तिथं निरा पसाराच हाय." त्या अर्ध्या दाराआड काय असते, हे आता आम्हांस न पाहताही सांगता येईल. पाय मोडलेली खुर्ची, झाकण नसलेले डबे, मुलाची दहावीची पुस्तके, लग्नात आलेल्या आणि वेष्टनही न काढलेल्या भेटी, शिवाय कशातरी उपयोगी पडतील म्हणून घडी घालून ठेवलेल्या रिकाम्या गोण्या.

पुष्कळ वर्षे आम्ही याला निव्वळ आळस समजत होतो. 2022 च्या जुलैअखेरीस रविवारच्या उपासनेत धनवान मूर्खाचा दाखला आला. जुनी कोठारे मोडून मोठी बांधू पाहणाऱ्या त्या मनुष्यावर आम्ही जोरकस प्रवचन केले आणि ओघाओघात माळ्यावरच्या अडगळीलाही झोडपून काढले. प्रवचन चांगले वठले असे आमचे मत होते.

पुढल्या एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. बसायची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली होती. आदल्या हंगामात, म्हणजे 2021-22 मध्ये, कापसाने क्विंटलला 10,000 रुपयांची रेषा ओलांडली होती. त्या आशेने त्या साली आपल्या जिल्ह्यातच नव्हे, तर अवघ्या वऱ्हाडात लोकांनी कापूस घरात राखून ठेवला. भाव काही चढला नाही. लांब धाग्याचा हमीभाव 6,380 रुपये होता आणि बाजार आठ हजारांच्या आसपास घुटमळत खाली येत होता. ज्या खामगावात कापसासाठी 1870 साली खास रेल्वेचा फाटा आणला गेला, त्याच्या पंचक्रोशीत कापूस निजायच्या जागेत पडून होता. घरातल्या मुलांच्या हातांवर खाजेचे चट्टे उठलेले आम्ही पाहिले. घरधनी हसून म्हणाला, "फादर, आम्ही कोठार मोडून मोठं नाही बांधलं. आम्हीच बाहेर निजतो."

त्या वाक्याने आमचे प्रवचन आमच्याच पदरात आले.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे: उद्यासाठी ठेवणे ही दूरदृष्टी केव्हा आणि साठेबाजी केव्हा? परिमाणावरून हे ठरत नाही. कापसाची खोली धनवान मूर्खाच्या कोठाराइतकीच भरलेली होती. परंतु दाखल्यातील मनुष्याचे स्वगत काळजीपूर्वक वाचावे. माझे पीक, माझे धान्य, माझा माल. त्याच्या बोलण्यात दुसरे माणूसच नाही. शेतकऱ्याच्या कापसात मात्र बियाण्याच्या दुकानदाराचे नाव होते, मुलीच्या शिक्षणाचे होते, सोसायटीच्या कर्जाचे होते. त्याच्या साठ्याला वाटेकरी होते.

चौथ्या शतकात कैसरियात दुष्काळ पडला, तेव्हा संत बाझिल यांनी याच दाखल्यावर प्रवचन केले. पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते केवळ बोलून थांबले नाहीत. नगराबाहेर त्यांनी रुग्ण व निराधारांसाठी मोठा आश्रय उभारला. आमच्या वऱ्हाडातील गाडगेबाबांनी (1876-1956) हेच वेगळ्या रीतीने केले. धर्मशाळा बांधल्या त्या इतरांसाठी. स्वतःपाशी खापर, खराटा आणि अंगावरच्या चिंध्या.

मारी कोंडो या जपानी बाईंचे घर आवरण्यावरचे पुस्तक 2011 साली आले आणि जगभर गाजले. वस्तू हातात घ्यावी, मन आनंदले तर ठेवावी, एरवी निरोप द्यावा, असे त्या सांगतात. सल्ला वाईट नाही. परंतु त्यात आनंद आपलाच विचारला जातो. धर्मग्रामातील एका मातेने अकाली गेलेल्या मुलाचे दप्तर खुंटीवर ठेवले आहे. ते पाहून तिला आनंद होत नाही. ते टाका असे सांगण्याची आमची छाती नाही. भालचंद्र नेमाड्यांनी 'हिंदू' कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला समृद्ध म्हटले, ते उगीच नव्हे.

पूर्वी वस्तूला वाट होती. लुगडे जीर्ण झाले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे. उरलेसुरले बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याचे भांडे होऊन परत येई. आता स्वस्त कृत्रिम कापड ना गोधडीला चालते ना चुलीला. वाट बुजली म्हणून माळे भरले. मग आपण एक सोपी युक्ती काढली, ती म्हणजे दान. 2004 च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळी बांधवांनी ते अंगाला लावले नाहीत. आमच्याकडेही नाताळापूर्वी गोण्या येतात. एकदा त्यांतली एक साडी एका विधवा भगिनीला दिली. दुसऱ्या दिवशी ती घडी करून परत घेऊन आली. "फादर, पोतेरं आमच्याही घरी हाय." तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

तेव्हा आवरायचे कसे, असे कोणी विचारले तर आम्ही इतकेच सांगतो, की वस्तू धड असतानाच तिचा वाटेकरी शोधावा. नवे घोंगडे घरात आले त्याच दिवशी जुने बाहेर जावे, विरल्यावर नव्हे.

सांगणे सोपे. आम्ही धर्मप्रांतीय धर्मगुरू. संन्यस्तांप्रमाणे दारिद्र्याचे व्रत आम्ही घेतलेले नाही. तथापि 1983 च्या धर्मसंहितेतील कलम 282 आम्हांस साधी राहणी ठेवावयास आणि गरजेहून अधिक उरेल ते ख्रिस्तसभेच्या हितासाठी व परोपकारासाठी द्यावयास सांगते. गुरुविद्यालयात आम्ही एक पत्र्याची पेटी घेऊन गेलो होतो. गेल्या बदलीला टेम्पो लागला. पुस्तकांचे एक वेळ सोडा. पण त्यांत एक ट्रंक निव्वळ सत्कारांत मिळालेल्या शालींची होती. साडी परत आली त्या रात्री ती ट्रंक उघडली. अकरा शाली निघाल्या. सहांना कसर लागली होती. उचलताच हातात भुगा आला.

पाच धड होत्या. बाहेर डिसेंबरची थंडी होती आणि त्या शाली कोणाच्या, हे आम्हांस ठाऊक होते. मात्र त्या भगिनीच्या दाराशी जाऊन काय बोलावे, हे ठरवावयास आणखी दोन दिवस गेले.