पहिले अक्षर

वऱ्हाडात मंगरूळ एकच नाही. वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर आहे, तर अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा. नुसते ‘मंगरूळ’ म्हटले की ऐकणारा विचारणारच, ‘कोन्तं? पीर का दस्तगीर?’ नावाची सुरुवात तिन्हीकडे सारखी, त्यामुळे गाव ओळखायचे ते नावाच्या दुसऱ्या तुकड्यावरून. मंगरूळपीरमध्ये हा तुकडा आला तो पिरांमुळे. त्यांतला थोर दर्गा दादा हयात कलंदर यांचा. बीरबलनाथ महाराजांचे संस्थानही याच गावात आहे.

गावाच्या नावात पहिली अक्षरे निकामी ठरतात. माणसाच्या नावात मात्र त्यांना केवढा मान! बाळ जन्मले की हिंदू घरांत पंचांग उघडले जाते, जन्मवेळेचे नक्षत्र आणि चरण पाहिला जातो आणि गुरुजी अक्षर सांगतात. अश्विनीची अक्षरे चू, चे, चो, ला; रोहिणीची ओ, वा, वी, वू. आर्द्रा नक्षत्राची अक्षरे कू, घ, ङ, छ. ‘ङ’ने सुरू होणारे नाव मराठीत नाही, तेव्हा त्या चरणावर जन्मलेल्या बाळासाठी जवळचे दुसरे अक्षर घेतात. आता ज्या अक्षरावर बाळाचा ग्रहयोग टेकला आहे असे मानायचे, ते अडचण आली म्हणून बदलता येते, तर त्या अक्षरात मुळात होते काय?

दर्ग्याच्या बाजूने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. कुराणाच्या 114 सूरांपैकी 29 सूरांच्या आरंभी सुटी अक्षरे आहेत. दुसऱ्या सूरेची सुरुवात अलिफ, लाम, मीम अशी होते. पठण करणारा ती जोडून शब्द करत नाही, एकेका अक्षराचे नाव सावकाश उच्चारतो. भाष्यकारांनी त्यांचे अनेक अर्थ सुचवले. तरीही त्यांतल्या बहुतेकांनी अखेर हेच म्हटले, की यांचा अर्थ अल्लालाच ठाऊक. अर्थ माहीत नसलेले अक्षर इतक्या आदराने शतकानुशतके म्हणत राहणे ही श्रद्धेची मोठी गोष्ट आहे. सरधोपट ‘अंधश्रद्धा’ म्हणून ती बाजूला सारता येत नाही.

श्रद्धा बाजूला ठेवून निव्वळ भाषेकडे पाहिले तरी प्रश्न सुटत नाही. इंग्रजीत ग्लिटर, ग्लीम, ग्लो, ग्लिंट, ग्लिमर, ग्लेअर, ग्लॉस हे सगळे शब्द ‘ग्ल’ने सुरू होतात आणि सगळ्यांत चमक आहे. ‘स्न’ने सुरू होणारे स्नोअर, स्निफ, स्नाउट, स्नॉर्ट नाकाभोवती फिरतात. मराठीतही झगमग, झळाळी, झिलई, झळक यांत ‘झ’ चमकतो. लखलख, लकाकी, लुकलुक यांत ‘ल’. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्ये अशा ध्वनिगटांना स्वतंत्र नाव दिले. म्हणजे ही कानाची भूल नाही, भाषेत खरोखर असे काही घडते.

पण जरा खोलात गेले की चित्र बदलते. ‘ग्ल’च्या घोळक्यात ग्लोव्ह आणि ग्लू हेही आहेत, त्यांत कसली चमक? ग्लोरी तर मूळचा लॅटिनमधला पाहुणा. उलट ज्या प्राचीन धातूपासून चमकीचे काही शब्द आले, त्याच धातूपासून गोल्ड आणि यलो आले, आणि आपल्याकडे ‘हरित’, ‘हिरण्य’ व ‘हरिद्रा’. हरिद्रेची पुढे हळद झाली. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या बाजारात पोत्यांनी येणारी हळद आणि इंग्रजांचे गोल्ड ही दूरची भावंडे आहेत. पहिल्या अक्षरावरून हे नाते कोणी ओळखू शकणार नाही.

शिंकेचा शब्द तर फारच बोलका आहे. स्नीझ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘फ्न’ने सुरू होई. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो ‘फ’ गेला आणि ‘स’ आला. हस्तलिखितांत लांबट ‘एस’ आणि ‘एफ’ एकमेकांसारखे दिसत, म्हणून ही चूक झाली असावी असे म्हणतात. नाकाशी संबंधित इतके शब्द ‘स्न’चे असल्यामुळे नवे रूप कानाला चटकन पटले असणार. अर्थ अक्षरात जन्मतः नव्हता. शब्दांच्या संगतीने तो अक्षराला चिकटला आणि मग त्याने एका परक्या शब्दालाही आपल्याकडे ओढून घेतले.

हा वाद आपल्याकडे फार जुना. शब्द आणि अर्थ यांचे नाते उपजतच आहे असे मीमांसक म्हणत. ते संकेताने ठरते असे नैयायिक. वैयाकरण पतंजलीने महाभाष्यात आणखी बारकाईने विचारले, की एकेका वर्णाला अर्थ असतो का? त्याची उदाहरणे कूप, सूप, यूप: विहीर, वरण आणि यज्ञातला खांब. पहिला वर्ण बदलला की अर्थ बदलतो, मग अर्थ त्या वर्णातच आहे असे म्हणावे? तसे असेल तर उरलेल्या ‘ऊप’चे काम काय? तिथे तो रथाचा दाखला देतो. रथाचे भाग सुटे ठेवले तर एकही चालत नाही, जोडलेला रथ मात्र चालतो. ज्याने हा दाखला दोन हजार वर्षांपूर्वी शोधला, त्याच्या बुद्धीला आजही नमस्कार करावासा वाटतो.

मग पंचांगातल्या अक्षराचे काय? पतंजलीच्या हिशेबाने ‘चू’ एकटे चालत नाही, हे खरे. पण ते अक्षर घरात कधी एकटे येत नाही. त्याच्याबरोबर आजी येते, पाळणा येतो, आत्या नाव ठेवायला पुढे सरसावते, बायका बाळाच्या कानात नाव सांगतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. तेवढ्या जोडणीत ते अक्षर आईला आपल्या लेकराचे वाटू लागते. पुढे नक्षत्राच्या अक्षरावरून ठेवलेले जन्मनाव पुष्कळदा पत्रिकेतच राहते. लग्न ठरताना गुण जुळवायला ते एकदा बाहेर येते. अंगणातून हाक मारतात ती वेगळ्याच नावाने, आणि मूल तिलाच ओ देते.