एकीचा धडा, बाराजणींचा वर्ग

भाची: मावशी, न्यू जर्सीतल्या आमच्या लायब्ररीत मी एका ग्वाटेमालाच्या बाईला शेजारी बसवून इंग्रजी शिकवते. आता तिथले लोक म्हणतात, त्याच वेळात बाराजणींचा वर्ग घे. नाव नोंदवून बायका खोळंबल्यात.

मावशी: मग घे की! साक्षरता अभियानात आम्ही सातारा जिल्ह्यात रात्रीचे वर्ग घ्यायचो. एकेकीला शिकवत बसलो असतो, तर अर्धं गाव अंगठ्यावरच राहिलं असतं.

भाची: तुझ्या बायकांना भाषा येत होती गं, फक्त अक्षर नव्हतं. हिच्याकडे दोन्ही नाही. घरची बोली किचे, शाळेची पायरी कधी चढलेली नाही. तिला काय हवंय, तर मुलाच्या औषधाच्या बाटलीवर किती मिली लिहिलंय ते वाचायला. औषध पाजायची छोटी पिचकारी ती पर्समधून काढते, पाचच्या रेघेवर नख ठेवते आणि मग लेबलवर पाच शोधते. बाराजणींत ही पिचकारी निघेल का?

मावशी: नाही निघणार. पण तक्ते-बिक्ते असतील ना?

भाची: आहेत, फ्रँक लॉबाकच्या पद्धतीचे. पक्ष्याच्या चित्रात ‘बी’ अक्षर बसवलेलं, म्हणजे ‘बर्ड’. ज्याला ‘बर्ड’ तोंडी येतं, त्याला अक्षर चटकन सापडतं. ही चित्र बघते आणि पक्ष्याचं किचे नाव घेते. त्यात ‘बी’ कुठून येणार? म्हणून आधी शब्द बोलायचा, कानात मुरवायचा आणि मग अक्षराला हात घालायचा. फळ्यासमोर इतका धीर कोण धरतं?

मावशी: लॉबाकचं नाव काढलंस, तर पुढचंही ऐक. १९३० च्या सुमाराला फिलिपीन्सच्या लानाओत तो लोकांना शिकवायला लागला, ते त्यांच्याच मरानाव भाषेत. मंदीत मिशनचा पैसा आटला, शिक्षकांना पगार देता येईना, तेव्हा ‘एकाने एकाला शिकवावं’ ही रीत पडली. जो शिकला, त्याने दुसऱ्याला शिकवायचं. तुझी बाई कुणाला शिकवते?

भाची: अजून कुणालाच नाही.

मावशी: आणि तिचं इंग्रजी कळतं कुणाला? तुला! अर्धा शब्द उच्चारला की तू पुरा करतेस. तिच्या कामावरचा, गोदामातला सुपरवायझर करेल? वर्गात शेजारणीला कळेपर्यंत बोलावंच लागतं. पाउलो फ्रेरीने १९६३ मध्ये ब्राझीलच्या आंजिकोसमध्ये शेतमजुरांना अक्षरं शिकवली, तीही गोल बसवून, आपल्या जगण्यावर आपसात बोलायला लावून.

भाची: त्यांच्या पोर्तुगीजमध्येच ना! इथे बाकीच्या अकराजणी आपापल्या भाषेत शिकलेल्या. त्या फळ्यावरचं भराभर उतरवून घेतील, ही पेन्सिल कशी धरायची यातच अडकेल. मग गप्प बसेल, आणि एक दिवस यायची थांबेल. वर्ग बारांचा दिसेल, पण जिला सगळ्यात जास्त गरज, तीच त्यात नसेल. जिने कधी लिहिलंच नाही, तिचा शेजारी बसवून शिकण्यावर पहिला हक्क आहे असं मला वाटतं.

मावशी: मान्य. पण वाचता येतं म्हणून त्या अकराजणींनी थांबायचं, हाही अन्यायच. त्यांच्याही घरी औषधाच्या बाटल्या आहेत.

भाची: आहेत. तरी हिला बाटलीवरचं स्वतः वाचता येईपर्यंत मी तिला सोडणार नाही. मग तिला घेऊनच वर्गात जाईन, तिथे तिला बोलायला माणसं मिळतील.

मावशी: आणि तोवर त्या अकराजणींना काय सांगशील?

भाची: थांबा म्हणून सांगेन. तेच जड जातंय.