'द' कुणाचा?

पोस्टडॉक करणाऱ्या आम्हा चौघांचा एक गट होता. दर गुरुवारी कॅन्टीनमध्ये बसून एकमेकांच्या शोधनिबंधांचे मसुदे वाचायचे आणि सुधारायचे. पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झालेली, पण कायमची नोकरी न लागलेली माणसं. करार वर्षा-दोन वर्षांचा. तेवढ्यात पेपर छापून आला तर पुढच्या जागेसाठी अर्ज करायला काहीतरी हातात असतं. मार्गदर्शकांना वेळ नसतो, पैसे देऊन भाषा तपासून घेणं परवडत नाही. मग आपणच एकमेकांचे संपादक.

मी पहिल्यापासून इंग्रजी माध्यमातली. त्यामुळे गटातलं इंग्रजी सुधारण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. गटातला एक मित्र मराठवाड्यातला, मराठी शाळेत शिकलेला. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर त्याचं काम होतं. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर दातांवर डाग पडू शकतात; प्रमाण फारच जास्त असेल तर हाडं आणि सांधेही आखडतात. हे त्यानं पुस्तकात वाचण्याआधी गावात पाहिलं होतं.

त्याच्या मसुद्यात एक वाक्य होतं. बोअरची वाढती खोली 'इज कॉज ऑफ' जास्त फ्लोराइड. मराठीत 'ए' आणि 'द' नसतात, त्यामुळे आपल्या इंग्रजीत ते हमखास गळतात. मी सवयीनं 'कॉज'च्या आधी 'द' घातला. अशा साठ-सत्तर दुरुस्त्या लाल रंगात करून फाइल परत पाठवली. त्यानं 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' दाबलं.

चार महिन्यांनी पेपर नाकारला गेला. समीक्षकाचा मुख्य आक्षेप असा होता, की खडकाचा प्रकार, पाणी खडकात किती काळ राहिलं, हे सगळं तपासल्याशिवाय खोली हेच कारण असं कसं म्हणता? 'ए कॉज' म्हणजे अनेकांतलं एक कारण. 'द कॉज' म्हणजे हेच ते कारण. मी ज्याला व्याकरण समजत होते, तो दावा होता. त्याच्या कराराचे पाच महिने उरले होते.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "अगं, मला खटकलं होतं ते. पण म्हटलं, इंग्रजी तुझं चांगलं आहे, तुला कळत असेल."

रागावला असता तर बरं झालं असतं. फ्लोराइड त्याला कळत होतं, मला नाही. तरी त्याच्या स्वतःच्या शोधाबद्दलच्या वाक्यात त्यानं माझं ऐकलं, कारण माझ्याकडे इंग्रजी होतं.

कुणी म्हणेल, पेपरवर नाव त्याचं, वाचून घ्यायची जबाबदारी त्याची. नियमानं हे बरोबर आहे. पण ज्याला 'नाही' म्हणायची सोयच वाटत नाही, त्याच्या 'हो'ला संमती म्हणायचं का?

इथे मला आइन्स्टाइनची गोष्ट आठवते. 1936 साली त्यांनी नेथन रोझेन यांच्यासोबत 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक पेपर पाठवला. निष्कर्ष असा, की गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत. संपादकांनी तो एका निनावी समीक्षकाकडे दिला. त्यानं दहा पानी टिपण लिहून चूक कुठे आहे ते दाखवलं. आइन्स्टाइन चिडले. छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायची परवानगी मी दिली नव्हती, असं कळवून त्यांनी पेपर मागे घेतला. तो समीक्षक म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन. पुढे प्रिन्स्टनमध्ये त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहकारी इन्फेल्ड यांना चूक समजावून सांगितली, पण ते टिपण आपलंच होतं हे सांगितलं नाही. 1937 मध्ये पेपर दुसरीकडे छापला गेला, निष्कर्ष बदलून. त्या लहरी प्रत्यक्षात पहिल्यांदा टिपल्या गेल्या 2015 साली.

रॉबर्टसन यांचा मोठेपणा मला पटतोच. पण 'द'च्या प्रकरणानंतर माझं लक्ष आइन्स्टाइन यांच्या रागाकडे जातं. त्यांना चिडता आलं, पेपर मागे घेता आला, सवडीनं विचार बदलता आला. दुरुस्ती झिडकारण्याची ताकद त्यांच्याकडे होती, म्हणून शेवटी ती त्यांची स्वतःची झाली. माझ्या मित्राकडे ती ताकद नव्हती. दुरुस्ती त्याच्या मसुद्यात आली आणि माझीच राहिली.

मग इंग्रजी येणाऱ्यानं मदतच करू नये का? तसं म्हणणं म्हणजे स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं. 'ए' आणि 'द' गळलेला पेपर पहिल्या पानावरच बाजूला पडू शकतो, हे मला माहीत आहे. मदत हवीच. माझ्या मते, समोरच्याला ती नाकारता येईल अशा रीतीनं करणं ही मदत करणाऱ्याची जबाबदारी आहे. ती घेणाऱ्यावर ढकलता येत नाही.

त्यानं पेपर पुन्हा लिहायला घेतला तेव्हा मी लॅपटॉप मिटवला आणि विचारलं, "तुला नेमकं काय म्हणायचंय? मराठीत सांग." तो लगेच म्हणाला, "खोली हे एक कारण आहे. बाकीची असतील, ती मी तपासलेली नाहीत." त्याच्या मराठीत 'एक' होतं. आम्ही दोघंही मराठी, तरी गटात इंग्रजीतच बोलायचं या सवयीपायी मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

आता मी दावा करणाऱ्या वाक्याला हात लावत नाही. समासात प्रश्न लिहिते, 'एक कारण की हेच कारण?' याला वेळ लागतो. पूर्वी तासात होणारा मसुदा आता दोन गुरुवार घेतो, आणि हे काम कुणाच्याही बायोडेटात मोजलं जात नाही. करार संपत आलेल्या माणसाला दोन गुरुवार मागणं योग्य आहे का, हाही प्रश्न आहेच. माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही.

मित्राचा सुधारलेला पेपर करार संपायच्या आठवडाभर आधी दुसरीकडे गेला. पाठवण्याआधी मी एका परिच्छेदात सुचवलेला बदल त्यानं खोडला आणि बाजूला लिहिलं, 'नको, माझंच राहू दे.' मला बरं वाटलं.