दर्शन आणि भेट

देवाचे दर्शन घ्यायचे की त्याला भेटायचे, हा भक्तिमार्गातला जुना प्रश्न आहे. व्यवहारात माणूस मित्राला भेटतो, मंत्र्यांची भेट घेतो आणि बाजारात ओळखीच्या कुणाशी त्याची गाठ पडते. ‘भेट घेतली’ म्हटले की अदब आली, अंतरही आले. दर्शन त्याहून वरचे. तिथे एकाने वाकायचे असते.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावी गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी ‘आले’ असे भक्त म्हणत नाहीत; ‘प्रगटले’ म्हणतात. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथात त्या दिवसाचे वर्णन आहे. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल यांच्या नजरेस पडला. तो निघून गेल्यावर बंकटलालांना चैन पडेना. शोधता शोधता तो पुन्हा सापडला तो महादेवाच्या मंदिरात, गोविंदबुवा टाकळीकरांच्या कीर्तनाच्या वेळी. उकिरड्यावरची शिते खाणारा माणूस त्या वाटेने जाणाऱ्या कुणालाही दिसला असता. दर्शन घडले ते ज्याला ओळख पटली त्याला.

आषाढीला शेगावची पालखी पायी पंढरपूरला जाते, तेव्हा मात्र बोली बदलते. वारकरी विठ्ठलाला ‘भेटायला’ निघतो, सासुरवाशीण माहेरी निघावी तसा. वाटेत थोर-लहान न पाहता एकमेकांना ‘माउली’ म्हणत पायांवर डोके ठेवले जाते. अद्वैती विचारेल, दोन उरलेच नाहीत तर भेटणार कोण? वारकऱ्याचे उत्तर असे की, भेटीची गोडी चाखायची तर देव आणि भक्त हे दोनपण राखलेच पाहिजे. हे उत्तर अधिक खरे वाटते, कारण आदर आणि जवळीक यांतले काहीच त्यात सोडावे लागत नाही.

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा संत चोखोबांच्या वाट्याला आली. देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. जातीमुळे त्यांना पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात पाऊल टाकता येत नव्हते. दर्शन समाजाने नाकारले होते. तरीही त्यांच्या अभंगांतला विठ्ठल त्यांच्याशी सलगीने वागतो. भेटीला पुजाऱ्याची परवानगी लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवले. म्हणून दर्शनबंदीचा अन्याय मात्र लहान ठरत नाही. चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. अस्पृश्य मानलेल्यांसाठी ते दार उघडायला 1947 उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.