प्रियजनांची झोप



झोपेत घोरता घोरता आपला श्वास मध्येच थांबतो, असे घरच्यांनी सांगितले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मी ते कित्येक वर्षे नेले. हिब्रू संहितेवर दुपारी डुलकी लागे. दोष मी वयाला देई. अखेर निद्रातपासणीत तासाला 38 वेळा श्वास अडत असल्याचे आढळले. 30 च्या पुढे हा विकार तीव्र गणतात.

डॉक्टरांनी दिलेले यंत्र आपल्याऐवजी श्वास घेत नाही. झोपेत सैलावून मिटणारा घशाचा मार्ग ते हवेच्या दाबाने उघडा ठेवते आणि अडथळा येताच दाब आपोआप वाढवते.

पहिल्याच रात्री गुदमरून मी मुखवटा काढून फेकला, व वर प्रार्थना केली, “प्रभू, निजवणारा तू असता हे कशाला?” ती प्रार्थना विश्वासाची नव्हे, हट्टाची होती. सकाळी पत्नी इतकेच म्हणाली, “तुम्ही निजता. मी तुमचा श्वास मोजत जागी असते.”

स्तोत्र 127 च्या दुसऱ्या वचनाचा अर्थ दोन प्रकारे लागतो: देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, किंवा ते झोपेत असता देतो. या दोन अर्थांवर मी भाषांतर-समितीत तासन्‌तास वाद घातला होता. प्रियजनाशेजारी कोण जागे आहे, हे मात्र कधी विचारले नव्हते.

मग सवयीसाठी दिवसाही, वाचताना, मुखवटा लावू लागलो. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली. यंत्र मंद घुमत होते. शेजारी ती गाढ झोपली होती.